रोजचा एक सूर्यनमस्कार: बारापर्यंत जायचं आणि टिकायचं कसं

रथसप्तमीच्या सकाळी उत्साहाच्या भरात पंचवीस सूर्यनमस्कार घातले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या भरून येतात आणि केस विंचरायला हात वर जात नाही. चौथ्या दिवशी विश्रांती म्हणून सुट्टी होते, पाचव्या दिवशी पाहुणे येतात आणि सतरंजी कपाटात जाते ती पुढच्या माघापर्यंत. याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे. सवय नसलेल्या स्नायूंना एकदम ताण दिला की दुखणं साधारण २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असतं. म्हणजे नवी गोष्ट अंगवळणी पडायला सुरुवात व्हायची, नेमक्या त्याच दिवसांत शरीर ‘नको’ म्हणत असतं.

खरी चूक आकड्यात आहे. आकडा ठरतो उत्साहाच्या सकाळी आणि पाळायचा असतो झोप न झालेल्या, डोकं दुखणाऱ्या, लोकल गाठायची घाई असलेल्या सकाळीसुद्धा. म्हणून इथे सांगितलेली सगळी पद्धत दोन वेगवेगळ्या आकड्यांवर उभी आहे. पहिला आकडा ‘किमान’. तो एक आहे आणि तो कधीच वाढत नाही, तीन वर्षांनीही नाही. दुसरा ‘वरकड’, म्हणजे त्या एकाच्या वर जे घालाल ते. तो हळूहळू वाढत किमान धरून एकूण बारापर्यंत जातो, आणि एखाद्या दिवशी शून्यावर आला तरी काही बिघडत नाही. दिवस जमला की नाही, हे फक्त किमानावरून ठरवायचं.

किमान कायम एकच का

घाई न करता घातलेल्या एका सूर्यनमस्काराला साधारण अर्धा मिनिट लागतं. सतरंजी अंथरणं धरून दोन मिनिटं. इतक्या छोट्या गोष्टीने काय होणार, ही शंका रास्त आहे. व्यायाम म्हणून एका नमस्काराचा फायदा थोडाच आहे, हे मान्य करून पुढे जाऊ. त्या एकाचं काम वेगळं आहे.

प्रेरणा आधी येते आणि काम मागून होतं, असं आपण धरून चालतो. अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये ‘हे मला जमेल’ हा विश्वास माणसात कशाने तयार होतो याची मांडणी केली. दुसऱ्याला करताना पाहणं, कुणी पाठीवर हात ठेवणं, शरीराची आणि मनाची त्या वेळची अवस्था, या सगळ्यांपेक्षा जास्त वजन त्यांनी दिलं ते स्वतः करून जमल्याच्या अनुभवाला. टेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांनी पुढे सात कंपन्यांतल्या २३८ जणांच्या जवळपास १२,००० रोजनिशीच्या नोंदी तपासल्या. ज्या दिवशी आपल्या कामात थोडी का होईना प्रगती झाल्याचं माणसाला दिसलं, त्या दिवशी त्याचा हुरूप जास्त होता. दोन्हींतला कळीचा भाग ‘जमलं’ आणि ‘दिसलं’ हा आहे. म्हणून रोजची गोष्ट हमखास जमेल इतकी छोटी हवी आणि जमल्यावर ती डोळ्यांना दिसायला हवी.

आता किमान न वाढवण्याबद्दल. ही पद्धत बहुतेक वेळा कोसळते ती इथेच. दोन आठवडे छान जातात, अंगात हुशारी येते आणि माणूस मनाशी म्हणतो, ‘एक काय, आता निदान पाच तरी.’ झालं, किमान पाच झालं. मग अशी एक सकाळ येते की पाच शक्य नसतात. एक सहज शक्य असतो, पण एक म्हणजे आता अपयश, म्हणून तोही घातला जात नाही. पाच न जमल्यामुळे शून्य झालं. तो शून्य मनाला लागतो आणि दुसऱ्या दिवशी सतरंजीकडे पाहावंसं वाटत नाही. म्हणून वरकड हवा तितका वाढू द्या, पण किमानाला हात लावू नका. याबाबतीत स्वतःशी कडक राहायला हवं.

आधी हे तपासा

नियंत्रणात नसलेला रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, हर्निया, मणक्याच्या गादीचा त्रास, चक्कर येण्याचा आजार, अलीकडे झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नका. त्यांनी नको म्हटलं तर नमस्काराच्या जागी दोन मिनिटांचं चालणं घ्या. पुढची सगळी पद्धत तशीच्या तशी लागू पडते.

पोट रिकामं हवं. जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्या. आधी थोडं पाणी चालेल. चहा मात्र नंतर घ्या, आणि त्याचं कारण फक्त पोट नाही. ते पुढे येईल.

जागा, सतरंजी आणि खूण

औंध संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार रुजवले. शाळेत घंटा असते, ओळ असते, अंक मोजणारे गुरुजी असतात. मुलाला ‘आज घालू की नको’ हा प्रश्नच पडत नाही. तालमीतही तेच होतं. घरी यातलं काहीच नसतं, आणि रोज सकाळी तो प्रश्न नव्याने पडतो. म्हणून घंटेची जागा घेणारं काहीतरी घरात उभं करावं लागतं.

त्याला खूण म्हणू. खूण म्हणजे अशी गोष्ट, जी तुम्ही न चुकता आधीपासूनच करता आणि जिचा शेवट स्पष्ट असतो. ‘सकाळी उठल्यावर’ ही खूण कामाची नाही, कारण उठणं वीस मिनिटं लांबू शकतं. ‘सहा वाजता’ हीही कच्ची, कारण सहा वाजून दहा मिनिटं झाली की वेळ गेली असं वाटतं. ‘दात घासून चूळ भरली आणि ब्रश जागेवर ठेवला’ ही पक्की खूण. ब्रश ठेवल्याचा आवाज होतो, त्यानंतर हात मोकळे असतात. पाय पुसा आणि सतरंजीवर जा. दूध तापत ठेवून ‘तेवढ्यात घालून येतो’ असं मात्र करू नका. अर्धं लक्ष गॅसकडे राहतं, नमस्कार घाईत होतो, दूध उतू जातं, आणि गॅस पेटता सोडून जाणं मुळातच धोक्याचं.

चहा नंतर ठेवण्याचं कारण हे. नमस्कार झाला की लगेच काहीतरी सुखाचं मिळालं तर मन त्या दोन गोष्टी जोडून टाकतं. वेगळं बक्षीस शोधत बसायची गरज नाही, ते रोज सकाळी घरात उकळतच असतं. फक्त क्रम बदलायचा. ब्रश, नमस्कार, रेघ, चहा. रेघेबद्दल पुढे सांगतो.

जागा सहा फूट लांब आणि दोन-अडीच फूट रुंद पुरते. रोज तीच ठेवा. सुती सतरंजी गुळगुळीत टाइलवर सरकते, आणि चौथ्या-सातव्या स्थितीत हात पुढे घसरून तोंडावर पडायची भीती असते. टाइल असेल तर रबरी मॅट घ्या. खरखरीत शहाबादी फरशी असेल तर सतरंजी चालते. रात्री झोपण्यापूर्वी मॅट गुंडाळी करून त्याच जागी भिंतीला टेकवून ठेवा. कपाटात ठेवली की एक दार आणि एक निर्णय वाढतो, आणि कंटाळ्याच्या सकाळी तेवढंही जड होतं.

पहिला आठवडा: एकच, पण नीट

पहिले सात दिवस रोज एकच घालायचा. दुसरा घालावासा वाटला तरी थांबायचं. ‘अजून जमला असता’ ही भावना उद्यासाठी शिल्लक ठेवायची.

दहा अंकांची आणि बारा स्थितींची, अशा दोन्ही पद्धती चालतात. घरात किंवा शाळेत जी शिकलात ती ठेवा. इथे दहा अंकांची घेतली आहे. श्वासाचा नियम पाठ करायला सोपा आहे: छाती उघडते तेव्हा श्वास आत, पोट दुमडतं तेव्हा बाहेर.

पावलं जुळवून, हात जोडून उभे राहा. एक म्हणताना हात कानांजवळून वर न्या, श्वास आत. इथे कमरेतून मागे झुकायची घाई अनेकांना असते. झुकू नका, छाती वर उचला. दोनला खाली वाकून तळवे पावलांच्या बाजूला टेकवा, श्वास बाहेर. हात टेकत नसतील तर गुडघे खुशाल वाकवा. ताठ गुडघ्यांच्या हट्टापायी कमरेचा खालचा भाग ओढला जातो, आणि ‘सूर्यनमस्काराने कंबर दुखते’ ही तक्रार बऱ्याचदा इथूनच सुरू होते. आता तळवे टेकले त्या जागेवरून ते नऊ अंकांपर्यंत हलवायचे नाहीत.

तीनला एक पाय शक्य तितका मागे, त्याचा गुडघा टेकलेला, नजर समोर किंचित वर, श्वास आत. चारला दुसरा पायही मागे, डोक्यापासून टाचेपर्यंत शरीर फळीसारखं सरळ, श्वास बाहेर. पाचला साष्टांग. कपाळ, छाती, दोन हात, दोन गुडघे आणि दोन्ही पावलांचे चवडे अशी आठ अंगं जमिनीला लागतात, पोट उचललेलं राहतं. श्वास क्षणभर बाहेरच. या अंकात नवखा माणूस धप्पकन खाली येतो, कारण दंडांत अजून ताकद नसते आणि कोपरं बाहेर फाकतात. आधी गुडघे टेकवा, कोपरं बरगड्यांना चिकटवून ठेवा आणि मग छाती उतरवा.

सहाला भुजंग, श्वास आत. नाभी जमिनीला लागलेली राहील इतकीच छाती उचला. हात पूर्ण ताठ करायचा हट्ट नको. खांदे कानांपाशी चढले असतील तर समजा की तुम्ही पाठीने न उचलता हातांनी ढकलताय. सातला कंबर वर, टाचा जमिनीकडे, श्वास बाहेर. आठला तीनमध्ये मागे नेलेला पाय दोन्ही हातांच्या मध्ये पुढे, श्वास आत. नऊला दोनसारखं, श्वास बाहेर. दहाला उभं राहून हात जोडलेले, श्वास आत आणि मग साधा.

आठवा अंक सगळ्यांत जास्त लोकांना अडवतो. पाय हातांपर्यंत येतच नाही, मध्येच कुठेतरी पडतो. कारण बहुधा सातव्या अंकात असतं. कंबर पुरेशी वर गेलेली नसते, त्यामुळे पायाला पुढे यायला जागाच राहत नाही. कंबर वर उचला, नजर दोन हातांच्या मध्ये ठेवा आणि मग पाय आणा. तरीही राहिला मागे, तर मागचा गुडघा टेकवून, हाताने घोटा धरून पाऊल पुढे ठेवा. महिना-दोन महिन्यांत अंतर कमी होत जातं. त्यासाठी झटका देऊ नका.

मनगट दुखत असेल तर बोटं फाकवा आणि भार तळव्याच्या मागच्या कडेवर न देता बोटांच्या मुळांवर द्या. त्यानेही भागलं नाही तर मॅटची कड दुमडून तळव्याच्या मागच्या भागाखाली घ्या. मनगटाचा कोन कमी होतो.

दहावा अंक झाला की लगेच हलू नका. हात जोडलेले असतानाच दोन साधे श्वास जाऊ द्या. ‘झालं’ हे जाणवायला तेवढा वेळ लागतो, आणि या सगळ्या खटाटोपात तो क्षण जपण्यासारखा आहे.

कॅलेंडरवरची रेघ

भिंतीवरच्या कॅलेंडरचा चौकोन आधीच भरलेला असतो. तिथी, दुधाचा हिशेब, कुठे ‘सिलिंडर लावला’. घरातला हा सगळ्यात जास्त पाहिला जाणारा कागद, म्हणून नोंद इथेच. मोबाइलमधल्या ॲपला विरोध नाही, पण नोंद करायला मोबाइल उघडला की आधी तिथले संदेश दिसतात आणि दहा मिनिटं जातात. कॅलेंडरच्या खिळ्याला दोऱ्याने एक पेन बांधून ठेवा. पेन शोधावं लागलं की नोंद ‘नंतर करू’वर जाते आणि संध्याकाळी आठवत नाही.

चौकोनाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक तिरपी रेघ म्हणजे किमान झालं. वरकड घातले तर एकूण आकडा रेघेखाली बारीक. आजारपणामुळे नसेल घातला तर ‘आ’. काहीच कारण नसताना राहिला तर चौकोन रिकामा. फुली मारू नका. फुली रोज डोळ्यांत खुपते आणि तिचा उपयोग काही नाही.

सुरुवात करण्याआधीच दोन रेघा ओढून ठेवा. एक जागा आणि मॅट ठरवल्याची, दुसरी खूण ठरवून कागदावर लिहिल्याची. ही युक्ती पोरकट वाटेल, पण तिला आधार आहे. जोसेफ नुनेस आणि झेव्हियर द्रेझ यांनी अमेरिकेत मोटारी धुण्याच्या केंद्रावर केलेला एक प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. काही ग्राहकांना आठ शिक्क्यांचं कार्ड दिलं, काहींना दहा शिक्क्यांचं, पण त्यात दोन शिक्के आधीच मारलेले. दोघांनाही फुकट धुलाईसाठी आठच फेऱ्या लागणार होत्या. आठवाल्यांपैकी १९ टक्क्यांनी कार्ड पुरं केलं, दहावाल्यांपैकी ३४ टक्क्यांनी. कोऱ्या कागदापेक्षा सुरू झालेला कागद पुढे ओढतो.

बारा आठवड्यांचा चढ

एका नमस्कारात जो पाय मागे जातो, तो पुढच्यात बदलतो. म्हणून वरकड जोडीने वाढवा, नाहीतर एका बाजूला काम जास्त होतं. आणि ज्या दिवशी फक्त एकच घालाल, त्या दिवशी सम तारखेला उजवा पाय, विषम तारखेला डावा. कॅलेंडर समोर असतंच.

पहिला आठवडा १. दुसरा-तिसरा आठवडा २. चौथा-पाचवा ४. सहावा-सातवा ६. आठवा-नववा ८. दहावा-अकरावा १०. बाराव्या आठवड्यापासून १२. पुढच्या टप्प्यावर जाण्याची अट एकच: चालू टप्प्यात १४ पैकी निदान १२ रेघा असाव्यात (पहिल्या आठवड्यात ७ पैकी ६). रेघा मोजायच्या, नमस्कार मोजायचे नाहीत. चार नमस्कारांच्या टप्प्यात तुम्ही पाच दिवस एकच घातला असेल तरी रेघ ती रेघ. अट पुरी झाली नाही तर तोच टप्पा पुन्हा. कुणाला बारापर्यंत यायला पाच महिने लागतात आणि त्यात कमीपणा नाही.

सूर्याची बारा नावं माहीत असतील किंवा शिकायची असतील तर ती याच चढाला जोडा. पहिल्या आठवड्यात फक्त ‘मित्राय नमः’. दुसऱ्या टप्प्यात ‘रवये’, मग ‘सूर्याय’ आणि ‘भानवे’, पुढे ‘खगाय, पूष्णे’, ‘हिरण्यगर्भाय, मरीचये’, ‘आदित्याय, सवित्रे’ आणि शेवटी ‘अर्काय, भास्कराय’. नाव घेतलं की आकडा चुकत नाही. शिवाय प्रत्येक टप्प्यात शरीराबरोबर जिभेलाही काहीतरी नवं जमतं. मंत्र म्हणायचे नसतील तर मॅटच्या डोक्याशी बारा चिंचोके ठेवा आणि प्रत्येक नमस्काराला एक डावीकडून उजवीकडे सरकवा.

‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे विसरून जा. मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जननी १९६० मध्ये, आपल्या रुग्णांना बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान एकवीस दिवस लागतात, असं निरीक्षण लिहिलं होतं. ते हातोहात पसरत गेलं आणि वाटेत ‘निदान’ हा शब्द गळाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर बारा आठवड्यांचा अभ्यास केला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. रोजची नवी गोष्ट विचार न करता होऊ लागायला साधारण ६६ दिवस लागतात असं त्यात दिसलं, पण माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंतचा. पाणी पिण्यासारख्या सोप्या गोष्टी लवकर बसल्या, व्यायामाला जास्त वेळ लागला. आपल्या चढात सहासष्टावा दिवस दहाव्या आठवड्यात येतो. तोपर्यंत रोज थोडी ओढाताण वाटणं हे बिघाडाचं लक्षण नाही.

दिवस चुकला तर

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मोठा धीर देणारी आहे. एखादा दिवस चुकल्याने सवय बसण्यावर म्हणावा असा परिणाम झाला नाही. घात होतो तो चुकलेल्या दिवसानंतर जे मनात येतं त्याने. ‘मोडलंच आता’ असं वाटतं आणि माणूस सोमवारची, एक तारखेची, पाडव्याची वाट पाहू लागतो.

म्हणून दोन नियम. चुकलेल्याच्या दुसऱ्या दिवशी फक्त किमान, वरकड मुळीच नाही, मन कितीही म्हणालं तरी. आणि कालची भरपाई आज करायची नाही. आठ राहिले म्हणून सोळा घातले तर ती शिक्षा होते, आणि शिक्षेच्या जागी पुन्हा जावंसं कुणाला वाटतं? तीन-चार दिवस सलग गेले असतील तर एक टप्पा खाली उतरा. आठवर होतात, सहावर या. ताप येऊन गेला असेल तर अंगात ताकद येईपर्यंत एकच.

अडचणीचे दिवस बहुतेक आधी माहीत असतात. त्यांच्यासाठी ‘जर-तर’ वाक्यं आधीच लिहून ठेवायची. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवलं की ‘मी अमुक करीन’ या नुसत्या निश्चयापेक्षा ‘अमुक घडलं तर मी तमुक करीन’ असा नेमका बेत पार पडण्याची शक्यता जास्त असते. कॅलेंडरच्या त्या महिन्याच्या पानामागे पेन्सिलीने लिहा:

जर पाहुणे हॉलमध्ये झोपले असतील, तर स्वयंपाकघरात ओट्यासमोर एक.

जर रात्रपाळी असेल, तर घरी येऊन हातपाय धुतल्यावर, न्याहारीआधी एक.

जर रात्रभर एसटीचा प्रवास असेल, तर मुक्कामी पोहोचून अंघोळीला जाण्याआधी एक.

जर पाळीचे दिवस असतील आणि नको वाटत असेल, तर मॅटवर बसून दहा दीर्घ श्वास.

शेवटच्यासारखा पर्याय रेघेत धरायचा, पण एका अटीवर: तो आधी लिहिलेला असला पाहिजे. त्याच सकाळी सुचलेला पर्याय रेघेत धरला की दर आठवड्याला नवे पर्याय सुचू लागतात.

गणपतीचे आणि दिवाळीचे दिवस वेगळे काढून पाहा. घर माणसांनी भरलेलं, झोप अपुरी, खाणं जड. या दिवसांत चढ थांबवा आणि सगळ्यांनी मिळून एक घालायचा, असा बेत करा. घरातली मुलं यात आनंदाने येतात. मुलांना मात्र ‘किती घातलेस?’ असं विचारू नका. ‘आज घातलास का?’ एवढंच पुरे. मोठ्यांनाही हाच प्रश्न बरा. आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर पहिल्याच दिवशी ‘आजपासून रोज बारा’ असं जाहीर करू नका. शाबासकी करण्याआधीच मिळते, आणि मग करण्याची ओढ कमी होते. एका माणसाला सांगा, जो रोज सकाळी विचारेल.

बारा झाल्यानंतर

चौथ्या महिन्यात कंटाळा येतो. हा थकव्यापेक्षा वेगळा असतो: शरीर आता सहज करतं, आणि सहज होणाऱ्या गोष्टीत जमल्याचा आनंद उरत नाही. इथे बहुतेक जण आकडा वाढवतात. त्यापेक्षा वेग कमी करा. पाच-सहा मिनिटांत होणारे बारा नमस्कार दहा मिनिटांत घाला. एका महिन्यात सातव्या अंकात तीन श्वास थांबायचं, पुढच्या महिन्यात पाचव्या अंकात आवाज न करता उतरायचं, त्यापुढे आठव्या अंकात पाय एका हालचालीत हातांच्या मध्ये आणायचा. महिन्याला एकच गोष्ट, कॅलेंडरच्या माथ्यावर लिहिलेली. ती जमली त्या दिवशी रेघेशेजारी एक टिंब.

रथसप्तमीला अनेक ठिकाणी १०८ घालण्याचे कार्यक्रम असतात. १०८ म्हणजे बाराची नऊ आवर्तनं. रोज बारा घालणाऱ्याने एकदम तिथे उडी घेऊ नये. आधीचे दोन महिने आठवड्यातून एक दिवस २४, मग ३६, मग ४८, असे वाढवत न्या आणि दुसऱ्या दिवशी फक्त किमान ठेवा. एवढं करायचं नसेल तर कार्यक्रमाला जरूर जा, बारा घाला आणि बाजूला बसून इतरांचे अंक मोजा.

दुसरी सवय कधी सुरू करावी? सलग दोन महिने, प्रत्येकी निदान २६ रेघा दिसल्या की. त्याआधी नाही. एकाच वेळी नमस्कार, वाचन, हिशेब आणि लवकर उठणं सुरू करणाऱ्याचं चौथ्या आठवड्यात काहीच उरत नाही, कारण प्रत्येकाला वेगळी खूण, वेगळी जागा आणि वेगळं लक्ष लागतं. नव्या सवयीचं किमान ठरवताना तीन प्रश्न विचारा. अगदी वाईट दिवशीही ते दोन मिनिटांत होईल का? कुणाच्या मदतीवाचून होईल का? रात्री ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ असं एका शब्दात उत्तर देता येईल का? ‘थोडं वाचन’ तिसऱ्या प्रश्नात नापास होतं; ‘एक पान’ पास होतं. गाण्याच्या रियाजाचं किमान म्हणजे तानपुरा लावून एक लांब षड्ज. खर्चाच्या हिशेबाचं किमान म्हणजे आजची एक नोंद. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाचं किमान म्हणजे एक प्रश्न, उत्तरासकट. चालण्याचं किमान म्हणजे चपला घालून सोसायटीच्या फाटकापर्यंत. फाटकावरून परत आलात तरी रेघ ओढा.

महिनाअखेरीस कॅलेंडर वाचताना

पान उलटण्याआधी पाच मिनिटं त्याच्यासमोर उभे राहा. एकूण रेघा मोजा आणि पानाच्या खाली लिहा. मग रिकामे चौकोन कुठल्या वारी आहेत ते पाहा. विखुरलेले असतील तर सोडून द्या. एकाच वाराच्या रकान्यात तीन-चार असतील तर दोष त्या वाराच्या खुणेत आहे. पुष्कळ घरांत हा रकाना रविवारचा निघतो. आठवडाभर चूळ भरून झाली की नमस्कार, हे ठरलेलं असतं. रविवारी उशिरा उठणं होतं, आधी चहा होतो, वर्तमानपत्र येतं, मग पोहे, आणि पोट भरल्यावर दुपारपर्यंत काही करता येत नाही. अशा वेळी रविवारची खूण वेगळी ठरवा. शनिवारी रात्री वर्तमानपत्राच्या जागेवर मॅट पसरूनच ठेवा, म्हणजे सकाळी पेपर घेऊन बसायला गेलात की पाय आधी मॅटवर पडतील.

आणि पुढच्या महिन्याच्या पानावर, चारही रविवारांच्या चौकोनात आजच पेन्सिलीने ‘पेपरआधी’ असं लिहून ठेवा.